सुटी सिगारेट आणि मागे लागणारा फोन



तंबाखूवरचे व्याख्यान म्हटले की काळवंडलेल्या फुप्फुसाचे चित्र, कर्करोगाचे आकडे आणि शेवटी हात पुढे करून घेतलेली शपथ हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. आज मी त्या वाटेने जाणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या ज्या मुलामुलींसाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्यांना सिगारेट वाईट हे आपल्याइतकेच पक्के ठाऊक असते. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्याच इशाऱ्याने व्यापलेला आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपण सोडण्याच्या बेतात किंवा विचारात आहोत असे सांगितले. इच्छेचा दुष्काळ नाही. घोडे अडते ते सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. कोणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ मनाच्या हिय्यावर सोडायला निघालेल्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभराने तीन ते पाचच जण खरोखर सुटलेले आढळतात. उरलेल्या पंचाण्णवांना नालायक ठरवून मोकळे होता येते, आणि आपण बहुधा तेच करतो. मला आज या पंचाण्णवांबद्दल आणि त्यांच्या खिशातल्या फोनबद्दल बोलायचे आहे.

तरुणांचाच आग्रह का, तेही सांगतो. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा पन्नास वर्षे मागोवा घेतला आणि २००४ साली त्याचा हिशेब मांडला. आयुष्यभर ओढणारा माणूस सरासरी दहा वर्षे गमावतो. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याची त्यातली सुमारे तीन वर्षे वाचतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळी दहा. (डॉक्टरांना हा आकडा दिलासा वाटतो, बावीस वर्षांच्या मुलाला तो आठ वर्षांची सवलत वाटतो, हा त्यातला धोका.) भारतात तंबाखू सुरू होण्याचे सरासरी वय एकोणीसच्या आसपास आहे. सुरुवात आणि तिशी यांमधली ही दहा-अकरा वर्षे म्हणजे कॉलेज, वसतिगृह, पहिली नोकरी आणि शिफ्ट संपल्यावरचा चहा. या वयाचा माणूस व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही. ते दारुड्यांसाठी असते अशी त्याची समजूत असते, आणि आपण ‘अ‍ॅडिक्ट’ नाही, मित्रांबरोबर कधीमधी ओढतो इतकेच, यावर त्याचा ठाम विश्वास असतो. तो दवाखान्यात येत नाही म्हणून दवाखान्याने त्याच्या फोनवर जावे, ही कल्पना इथून निघाली.

कल्पना साधी असली तरी ती दोन अगदी निराळ्या रूपांत राबवली गेली, आणि दोन्हींचे निकाल निराळे लागले. पहिले रूप साध्या संदेशाचे, ज्याला आपण एसएमएस म्हणतो. न्यूझीलंडमध्ये १,७०५ जणांवर त्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. सहा आठवड्यांनी संदेश मिळणाऱ्यांपैकी २८ टक्के आणि न मिळणाऱ्यांपैकी १३ टक्के लोकांनी सोडल्याचे सांगितले. पण हे ज्याचे त्याने सांगितलेले आकडे होते, आणि सहा आठवडे म्हणजे काही फार काळ नाही. खरी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. ‘टेक्स्ट टू स्टॉप’ नावाच्या त्या चाचणीत सुमारे ५,८०० माणसे होती आणि तिचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सोडायची तारीख ठरली की पहिले पाच आठवडे रोज पाच संदेश, त्यानंतर सहा महिने आठवड्याला तीन. तलफ आली तर एक ठरलेला शब्द पाठवायचा, लगेच उत्तर येई: ही पाच मिनिटांत ओसरेल, तोवर पाणी घोट घोट प्या, हाताला काही चाळा द्या. चुकून एखादी ओढली गेली तर दुसरा शब्द पाठवायचा. उत्तरात दटावणी नसे, पुन्हा सुरुवात कशी करायची एवढेच असे. दुसऱ्या गटालाही पंधरवड्यातून एकदा संदेश जाई, पण तो चाचणीत भाग घेतल्याबद्दल आभाराचा. सहा महिन्यांनी लाळेच्या तपासणीने खातरजमा केल्यावर पहिल्या गटातले १०.७ टक्के आणि दुसऱ्यातले ४.९ टक्के लोक सुटलेले होते.

दुसरे रूप अ‍ॅपचे. स्मार्टफोन हाती आल्यावर साध्या संदेशाचे कौतुक ओसरले आणि रंगीत आलेख, पदके, ‘आजवर वाचलेले पैसे’ दाखवणारे आकडे यांची चलती झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या संशोधकांनी आयफोनवरची अशी ४७ अ‍ॅपे तपासली, तेव्हा सोडण्यासंबंधीच्या मान्य वैद्यकीय सल्ल्याशी त्यांचा मेळ अगदीच कमी निघाला. पण वाईट अ‍ॅपांची उदाहरणे देऊन अ‍ॅप वाईट असे म्हणणे लबाडीचे होईल. चांगले अ‍ॅप घ्यावे, म्हणून कॅनडाचे उदाहरण घेऊ. तिथे २०१२च्या सुमारास तरुणांसाठी ‘ब्रेक इट ऑफ’ नावाची मोहीम निघाली. सिगारेट सोडणे म्हणजे जाच करणारे प्रेमप्रकरण तोडणे, अशी तिची मांडणी होती. समाजमाध्यमांवर जाहीरपणे ‘आमचे तुटले’ असे लिहायचे, सोबतीला मोबाइल अ‍ॅप वापरायचे. दूरध्वनी मदतसेवा वापरणाऱ्या तरुणांशी तुलना केली तेव्हा मोहिमेतल्या तरुणांचे सोडण्याचे प्रमाण चांगलेच जास्त दिसले आणि सगळीकडे वाहवा झाली. यात एक गोम होती. कोण मोहिमेत जाईल आणि कोण मदतसेवेला फोन करील हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. ज्याने त्याने आपले आपण निवडले होते. जास्त अडकलेला माणूस फोन करतो आणि ज्याचे सुटतच आले आहे तो समाजमाध्यमावर घोषणा करतो, असे असू शकते. पुढे वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘क्रश द क्रेव्ह’ हे अ‍ॅप घेऊन रीतसर चाचणी केली. १९ ते २९ वयाचे १,५९९ तरुण. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले. एका गटाला अ‍ॅप आणि दुसऱ्याला सोडण्याची माहिती देणारी एक पुस्तिका. सहा महिन्यांनी अ‍ॅपवाले ७.८ टक्के सुटले, पुस्तिकावाले ९.२ टक्के. हा फरक इतका थोडा आहे की पुस्तिका जिंकली असे म्हणता येणार नाही. अ‍ॅप जिंकले नाही एवढे नक्की. २०१९ साली वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा संदेशांमुळे सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते असे निघाले, आणि अ‍ॅपांच्या पाच चाचण्यांची गोळाबेरीज फायदा शून्य अशी आली.

एकच फोन, एकच सल्ला, मग हा फरक कुठून आला? माझे उत्तर असे की संदेश माणसाच्या मागे लागतो, आणि अ‍ॅप माणसाची वाट पाहत बसते. व्यायामशाळेची वर्षभराची फी भरून दंड फुगत नाहीत, तसे अ‍ॅप उतरवून घेतल्याने काही सुटत नाही. ते रोज उघडावे लागते, आणि ज्या दिवशी उघडण्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी माणसाला ते उघडवत नाही. सिगारेट पुन्हा तोंडाला लागते ती बहुधा पहिल्या आठवडाभरात, आणि तिच्या आसपास बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते: ओढणारी सोबत, दारू किंवा बिघडलेले मन. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टपरीचा प्रसंग घ्या. दुपारची वेळ, चार मित्र, चार कटिंग, दोरीला बांधून लटकवलेला लायटर. कोणी तरी दोन सुट्या घेतो, एक पेटवतो, दोन झुरके मारून पुढे करतो. ती नाकारायला मिळतात पाच-सात सेकंद. त्या पाच-सात सेकंदांत खिशातून फोन काढून अ‍ॅपमधला ‘तलफ आली आहे’ हा विभाग शोधेल असा तरुण पृथ्वीतलावर आहे असे मला वाटत नाही. पण दुपारी चहाच्या वेळेच्या जरा आधी त्याच्या फोनवर ‘आज टपरीवर पुढे आली तर काय म्हणशील ते आत्ताच ठरव’ एवढी ओळ आलेली असेल, तर ‘नको, घसा बसलाय’ हे उत्तर त्याच्या तोंडी तयार असते.

या फरकाच्या माझ्या स्पष्टीकरणाला छेद देणारा एक पुरावा आहे आणि तो लपवून चालणार नाही. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने ‘आयकॅनक्विट’ नावाचे अ‍ॅप २,४१५ लोकांवर तपासले आणि २०२० साली निष्कर्ष जाहीर केले. वर्षभराने त्या अ‍ॅपचे २८.२ टक्के आणि तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या अ‍ॅपचे २१.१ टक्के लोक आधीच्या तीस दिवसांत एकही सिगारेट न ओढलेले होते. म्हणजे अ‍ॅपसुद्धा चालू शकते. तलफ दाबू नका, तिच्याशी झुंजू नका, ती येते तशी जाते हे बघत राहा, अशी त्या अ‍ॅपची शिकवण होती आणि ती बरीच प्रगल्भ आहे. पण त्याच चाचणीतली दुसरी नोंदही पाहा: लोकांनी हे अ‍ॅप दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट वेळा उघडले. म्हणजे इथेही गाठीभेटी ज्याच्या जास्त, त्याचाच निकाल चांगला आला. तिथल्या सहभागींचे सरासरी वय अडतिसाच्या घरात होते, एकोणीस-वीस नव्हते, हेही जाता जाता. अठरा ते चोवीस वयाच्या तरुणांवरची मोठी चाचणी अमेरिकेतच झाली, ती ई-सिगारेट सोडवण्यासाठी, २,५८८ जणांवर. आणि तिथे वापरले होते पुन्हा साधे संदेशच. सात महिन्यांनी संदेशांच्या गटातले २४.१ टक्के आणि दुसऱ्या गटातले १८.६ टक्के सुटलेले होते.

समाजमाध्यमांचे काय? इथे मला दोन कामे वेगळी करायची आहेत. हाक मारण्यासाठी ही माध्यमे उत्तम आहेत. दहा हजार तरुणांपर्यंत एका दुपारी पोचण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे नाही. सोडवण्याच्या कामी मात्र त्यांची ताकद गर्दीत नसून ओळखीच्या लहान टोळक्यात आहे. क्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम आरोग्य-पाहणीतल्या बारा हजारांवर लोकांच्या बत्तीस वर्षांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा मित्राने सोडले तर आपण ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी आणि जोडीदाराने सोडले तर ६७ टक्क्यांनी घटते असे दिसले. लोक टोळक्याने ओढतात आणि टोळक्यानेच सोडतात. कॅलिफोर्नियात याच जाणिवेने ‘ट्वीट टू क्विट’ हा प्रयोग झाला: वीस-वीस जणांचे खासगी गट, शंभर दिवस, रोज चर्चेला तोंड फोडणारा एक संदेश. गटातले ४० टक्के आणि गटाबाहेरचे २० टक्के टिकून राहिले. चाचणी छोटी होती, सगळ्यांना निकोटिनचे पॅचही दिलेले होते, त्यामुळे या आकड्यांवर इमला बांधू नये. फेसबुकवरच्या गुप्त गटांत ५०० तरुणांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तीन महिन्यांपर्यंत फायदा दिसला. गट नव्वद दिवसांनी बंद झाले आणि वर्षअखेरीस फरक पुसला गेला. पाठपुरावा थांबला की परिणामही थांबतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता आपल्याकडे येऊ. या बाबतीत आपण मागासलेले आहोत असे समजण्याचे कारण नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या आरोग्य पथकाला स्वप्नातही सुचली नसती अशी व्यवस्था केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभी केली: ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर नुसता मिस्ड कॉल द्यायचा, की संदेश सुरू होतात. मिस्ड कॉल ही खास आपली युक्ती; पैसा लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही. वीस लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवले. बारा हजार नोंदणीदारांच्या पाहणीत सहा महिन्यांनी सरासरी सात टक्के सुटलेले आढळले. हे लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेले आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून सातातले किती संदेशांमुळे हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. शिवाय १८००-११-२३५६ ही विनामूल्य समुपदेशन सेवा २०१६पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेत चालते. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरिअलसारख्या संस्था तिला जोडल्या गेल्या. सोडायची तारीख ठरली की तिथले समुपदेशक आपणहून पुन्हा फोन करतात, आणि माझ्या मते त्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

समुपदेशन सेवेचा हा क्रमांक सप्टेंबर २०१८पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो. पण सुरुवातीला सांगितलेल्या २०१६-१७च्या सर्वेक्षणाने आणखी एक आकडा दिला आहे, ज्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांनी शेवटची खरेदी सुटी केली होती. पाकीट असते टपरीवाल्याच्या फळीवर. ग्राहकाच्या हाती येते नुसती कांडी, जिच्यावर चित्र नाही, इशारा नाही, क्रमांक नाही. आणि सुटी घेणाऱ्यांत कडकी असलेला विद्यार्थी पुढे असणार, हे सांगायला सर्वेक्षण नको. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली; तिची अंमलबजावणी कितपत होते हे कोणत्याही चौकात उभे राहून पाहता येईल. म्हणून पाकिटावरून घसरलेला तो क्रमांक तरुणाच्या फोनच्या पडद्यावर उचलून ठेवणे, हे आपल्या परिस्थितीत समाजमाध्यमांचे पहिले काम ठरते.

आक्षेप बरेच आहेत. फोनचे व्यसन लावून सिगारेटचे सोडवणार का, असे वडीलधारे विचारतात. साधा संदेश वाचायला दहा सेकंद लागतात आणि त्याच्या खाली दुसरे रील लागत नाही. हा आक्षेप अ‍ॅपला आणि समाजमाध्यमाला लागू पडतो, संदेशाला पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परिणाम एवढासा, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? शंभरात जास्तीचे पाच-सहा जण सुटले तर दवाखान्याच्या दारात उभ्या डॉक्टरला ते दिसणारही नाहीत. पण संदेशाचा खर्च माणशी काही रुपयांचा आहे आणि तो लाख लोकांना धाडता येतो. ब्रिटनइतके यश आपल्याकडे येईल असे मी म्हणत नाही. त्याच्या निम्मे आले तरी लाखामागे जवळपास तीन हजार माणसे होतात, आणि ती तिशीच्या आतली असतील तर डॉल यांचा हिशेब त्यांना पुरेपूर लागू होतो. त्यापेक्षा कर वाढवा, असे अर्थशास्त्री म्हणतात. जरूर वाढवावा. कराने माणूस सोडायला प्रवृत्त होतो, पहिल्या आठवड्यात त्याला धरून ठेवायचे काम कर करत नाही.

महाराष्ट्रापुरता मात्र एक आक्षेप मला निरुत्तर करण्याच्या जवळ नेतो. २०१६-१७च्या त्याच सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे आपला खरा प्रश्न मळलेली तंबाखू, मिश्री आणि २०१२च्या बंदीनंतरही मिळणारा गुटखा हा आहे, आणि मी बोलतो आहे सिगारेटवर. हे कबूल करून इतकेच म्हणेन की पद्धत तीच राहील, मजकूर वेगळा लिहावा लागेल. तंबाखूची तलफ टपरीवर येत नाही. ती जेवणानंतर, कामाच्या मध्यात, एकटे असताना येते, आणि मिश्रीची पहाटे दात घासताना. सिगारेटसाठी लिहिलेल्या संदेशात ‘सिगारेट’ खोडून ‘तंबाखू’ घातल्याने भागणार नाही.

राहता राहिला गुप्ततेचा प्रश्न, आणि तो मुलींच्या बाबतीत फार नाजूक आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या मुलीचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेला आहे आणि पडद्यावर ‘सिगारेटशिवाय तिसरा दिवस, शाब्बास!’ असे उजळले, तर तो संदेश तिला सोडवणार नाही, ती संदेशच बंद करील. बंद पडद्यावर काय दिसावे हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. अ‍ॅपांची गोष्ट याहून गंभीर आहे. नैराश्य आणि धूम्रपान यांवरच्या ३६ लोकप्रिय अ‍ॅपांची एक तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली; तिच्यानुसार त्यांतली २९ आपल्या वापरकर्त्यांची माहिती गूगल किंवा फेसबुकच्या जाहिरात आणि विश्लेषण सेवांकडे पाठवत होती. तलफ कोणत्या वेळी आणि कुठे येते ही माहिती सोडवणाऱ्याला जितकी हवी असते तितकीच विकणाऱ्यालाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात संदेश, अ‍ॅप आणि इतर डिजिटल साधने यांना जोडसाधन म्हणून जागा दिली आहे. त्यामुळे येत्या काळात विद्यापीठे, महापालिका आणि कंपन्या अशा कामांच्या निविदा काढतील, आणि उद्‌घाटनाला दिसायला देखणे असते म्हणून बहुतेक जण अ‍ॅपच मागतील. माझी सूचना अशी की आधी मिस्ड कॉलची सेवा चालू ठेवून तिला अठरा ते तीस वयोगटासाठीचा मराठी मजकूर द्यावा, तो नागपूर-नांदेडच्या मुलांकडून लिहून घ्यावा, राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांनी वीस-वीस जणांचे व्हॉट्सअ‍ॅप गट निदान सहा महिने चालवावेत, आणि प्रत्येक गटाला हाडामांसाचा एक समुपदेशक असावा जो गप्प झालेल्याला फोन करील. अ‍ॅप हवेच असेल तर कंत्राटदाराचे पैसे ते किती जणांनी उतरवून घेतले यावर देऊ नयेत. सहा महिन्यांनी किती जण सुटले ते विचारावे, त्यांतल्या काहींची लाळ तपासून पाहावी, आणि ज्यांनी उत्तरच दिले नाही ते अजून ओढत आहेत असे धरून शेवटचा हप्ता काढावा.